सटवाईने लिहिलेलं पुसता येतं का? बेसबॉलचा ऐतिहासिक ड्राफ्ट, सोप्या भाषेत

२४ जुलै २०१६. न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाउन नावाचं लहानसं गाव. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्या दिवशी दोन खेळाडू दाखल झाले. एक केन ग्रिफी ज्युनियर. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायची पद्धत) देशातल्या सगळ्या पोरांमधून त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं होतं. दुसरा माइक पियाझा. पुढच्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर. तीही वडिलांचे स्नेही, डॉजर्स संघाचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांनी शब्द टाकला म्हणून. ड्राफ्टमधला पहिला क्रमांक मिळालेला कुणीही तोवर हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला नव्हता, आणि पियाझाइतक्या तळातून वर आलेलाही कुणी नव्हता.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. पियाझाचे पाय १३८९ वेळा कुणाला दिसले नाहीत.

आता एक कॉम्प्युटर गेम आहे, ज्यात तुम्ही हवं ते जुनं साल निवडता, एका संघाचा कारभार हातात घेता आणि त्या काळातल्या पोरांमधून स्वतः निवड करता. हे ऐकल्यावर समोरचा हमखास विचारतो, ‘पियाझा पुढे कोण होणार हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मग डोकं कशाला लावायचं? पहिल्या फेरीत पियाझा घ्या आणि झोपा.’ प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला त्याचं उत्तर कळायला तीन हिवाळे लागले.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते

आपल्याला लिलाव माहीत आहे. आयपीएलमध्ये ज्याच्या थैलीत पैसा उरला आहे तो बोली वाढवत नेतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला तो पहिल्यांदा निवडणार, विजेता शेवटी. पंगतीत सगळ्यात उपाशी माणसाला आधी वाढायचं, असा हिशेब. (मुद्दाम हरून पहिली पाळी पटकावण्याचा मोह होऊ नये म्हणून २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या सोडतीने ठरतात. उपाशी असल्याचं सोंग आणणारेही असतातच.)

अमेरिकेत ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. आधी ज्याला जो पोरगा आवडेल त्याच्या दारात तो संघ चेकबुक घेऊन उभा राहायचा. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी रिक रायकार्ट नावाच्या कॉलेजच्या पोराला २,०५,००० डॉलर मोजले, आणि संघमालकांच्या पोटात गोळा आला. पुढच्या वर्षी, ८ जून १९६५ ला, न्यूयॉर्कमध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं रिक मंडेचं, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून. मंडे चांगला खेळला, लांब कारकीर्द केली. पण त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ३६ व्या क्रमांकावर, सिनसिनाटीने जॉनी बेंच उचलला, ज्याला आजही कित्येक जण इतिहासातला सर्वोत्तम कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) मानतात. आणि बाराव्या फेरीत न्यूयॉर्क मेट्सनी नोलन रायन हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. त्याच्यापेक्षा जास्त बॅटर आजवर कुणीच तीन स्ट्राइकवर घरी पाठवलेले नाहीत. आकडा आहे ५,७१४.

क्रिकेटच्या चाहत्याला इथे एक गोष्ट अडखळवते. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पोरगा दुसऱ्या दिवशी मोठ्या मैदानात, म्हणजे मेजर लीगमध्ये, दिसत नाही. तो जातो खालच्या लीगांमध्ये, म्हणजे मायनर्समध्ये. तिथे पायरीपायरीने डबल-ए, ट्रिपल-ए असं करत वर चढतो. कुणाला दोन वर्षं लागतात, कुणाला सात, आणि बहुतेकांना वरचा दरवाजा कधीच उघडत नाही. या वाटेवरच्या पोराला इंग्रजीत प्रॉस्पेक्ट म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: होतकरू. होणारा. झालेला नव्हे.

गेम नेमकं काय करतो

या प्रकारचा सगळ्यात नावाजलेला गेम म्हणजे आऊट ऑफ द पार्क बेसबॉल. तो मार्कुस हाइन्सोन या जर्मन माणसाने सुरू केला, आणि पहिली आवृत्ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. बेसबॉलची फारशी गंधवार्ता नसलेल्या देशातल्या माणसाने हे करावं याची मला नेहमी गंमत वाटते. त्याहीआधी हा छंद पुठ्ठ्याची पत्ती आणि फासे घेऊन टेबलावर चालायचा. स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ पासून आहे.

यात तुम्ही बॅट फिरवत नाही, चेंडूही फेकत नाही. तुम्ही निर्णय घेता: कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाला वर आणायचं. सामना गेम खेळतो. प्रत्येक चेंडूला दोन खेळाडूंचे गुण समोरासमोर ठेवून तो मनातल्या मनात फासा टाकतो. हे गुण येतात खऱ्या नोंदींमधून. शॉन लाहमन या पत्रकाराने १८७१ पासूनच्या प्रत्येक मेजर लीग खेळाडूचे आकडे एका संग्रहात घालून फुकट खुले केले, आणि अशा गेमांची शेती त्या विहिरीच्या पाण्यावर उभी राहिली.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अशा ऐतिहासिक लीगमध्ये खेळाडू सहसा खऱ्या ड्राफ्टच्या वर्षी येत नाही. तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला त्या वर्षीच्या तुकडीत येतो. म्हणजे पियाझा तुम्हाला १९८८ मध्ये भेटणार नाही, १९९२ मध्ये भेटेल. १३९० वा क्रमांक तिथेच पुसला गेला.

दोन प्रकारच्या लीग

आता मुख्य गाठ सोडवू. बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपली समजूत. ऐतिहासिक लीग सुरू करताना गेम तुम्हाला आडवळणाने हेच विचारतो: सटवाईचं लिहिलेलं पाळायचं का?

हो म्हणालात, तर दर हंगामाआधी प्रत्येक खेळाडूचे गुण त्याच्या खऱ्या आयुष्यातल्या त्या वर्षाच्या आकड्यांवरून नव्याने बसवले जातात. खेळणारे याला रीकॅल्क म्हणतात. इथे १९२७ चा बेब रूथ (दंतकथा बनलेला फटकेबाज) हा १९२७ चा बेब रूथच असतो. कुठल्या संघात खेळेल ते तुम्ही बदलाल, कसा खेळेल ते फारसं नाही.

नाही म्हणालात, तर खऱ्या कारकिर्दीतून फक्त बी घेतलं जातं. पोरगा कुठवर जाऊ शकेल याचा सुरुवातीचा अंदाज खऱ्या आयुष्यावर बेतलेला असतो. पुढचं सगळं मात्र वय, दुखापती, प्रशिक्षक, मेहनतीची वृत्ती आणि दैव यांच्या हाती. पहिलीला मी सटवाईची लीग म्हणतो, दुसरीला मोकळी लीग.

या दोन्हींत ड्राफ्टची अक्कल वेगळी लागते. नवा माणूस फसतो तो इथे. सटवाईच्या लीगचं शहाणपण तो मोकळ्या लीगमध्ये वापरायला जातो.

‘भविष्य ठाऊक असताना चूक होईलच कशी?’

होते. मी करून बसलोय.

सँडी कोफॅक्स हे नाव बेसबॉलमध्ये क्रिकेटमधल्या वसिम अक्रमसारखं घेतलं जातं: डावखुरा, धडकी भरवणारा पिचर. त्याच्या कारकिर्दीचे सरळ दोन तुकडे पडतात. १९५५ ते १९६० मध्ये पिचर म्हणून त्याच्या नावावर ३६ विजय, ४० पराभव. १९६१ ते १९६६ मध्ये १२९ विजय, ४७ पराभव. मग कोपराच्या संधिवातामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती.

मी १९५५ पासून सटवाईची लीग सुरू केली आणि पहिल्या फेरीत ऐटीत कोफॅक्स घेतला. पहिलं वर्ष तो बाकावर. दुसरं वर्ष तेच. तिसऱ्या वर्षी माझा बाकीचा संघ फुललेला, विजेतेपद दोन पावलांवर, आणि एक जागा अडवून बसलेला हा वाकडीतिकडी फेक करणारा पोरगा. चौथ्या वर्षी मी त्याच्या बदल्यात एक चांगला आऊटफिल्डर (सीमेकडचा क्षेत्ररक्षक) घेतला. पुढे काय होणार हे पाठ असताना! १९६३ मध्ये त्याने मला पाच सामन्यांत पाच वेळा धुतलं.

कोण मोठा होणार हे ठाऊक असणं वेगळं, आणि तो मोठा होईल तेव्हा आपल्याला त्याचा उपयोग असेल का हे ठाऊक असणं वेगळं. मुदत ठेव चांगली असतेच, पण मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात असेल तर दहा वर्षांच्या ठेवीचं काय करता? सटवाईच्या लीगमध्ये ड्राफ्ट म्हणजे वेळापत्रक जुळवणं. डॅझी व्हान्स हा हॉल ऑफ फेममधला पिचर. पण मेजर लीगमधला पहिला विजय त्याला मिळाला १९२२ मध्ये, तिशी उलटल्यावर. टेड विल्यम्सची १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं महायुद्धात गेली, शिवाय १९५२-५३ मधला बराचसा काळ कोरियात. लीगने ही पोकळी पाळायची ठरवली असेल, तर ऐन भरात तुमचा तारा लढाऊ विमानात बसून निघून जातो.

आणि बेब रूथ? १९१४ मध्ये तो आला तो पिचर म्हणून, आणि उत्तम पिचर म्हणून. बॉस्टनने त्याला विकल्यावर १९२० मध्ये न्यूयॉर्क यांकीजसाठी त्याने ५४ होमरन (थेट कुंपणापार जाणारे फटके) मारले. त्याला कधी, कशासाठी वापरायचं हे ठरवण्यात अख्खी रात्र जाते.

कोफॅक्सच्या खऱ्या संघाची, डॉजर्सची, तर त्याच्या बाबतीत आणखी पंचाईत होती. तेव्हाच्या नियमानुसार ४,००० डॉलरहून जास्त बोनस दिलेल्या नवख्याला पहिली दोन वर्षं वरच्या संघातच ठेवावं लागे. खाली शिकायला पाठवायची सोय नव्हती. नियम मोठ्या रकमांना आळा घालायला होता, भुर्दंड पोरांना पडला. गेममध्ये तुम्ही त्याला खाली पाठवू शकता. सटवाईच्या लीगमध्ये त्याचा काडीचा उपयोग होत नाही, हा भाग निराळा.

एक सामना, तीन फटके

बॅटरची सरासरी हा आकडा अधूनमधून येईल म्हणून सांगून टाकतो. फटका मारून सुखरूप पहिल्या बेसवर (धावायच्या चार थांब्यांपैकी पहिल्या) पोचण्याचं प्रमाण म्हणजे सरासरी. दहात तीनदा जमलं (लिहायचं .३००) तर तुम्ही तारा, दहात अडीचदा जमलं तर नोकरी टिकते.

आता जॉन पॅचोरेकची गोष्ट. २९ सप्टेंबर १९६३, ह्यूस्टन, वय अठरा. पहिलाच सामना. तीन वेळा फटका मारायला गेला, तिन्ही वेळा यशस्वी. शिवाय दोनदा वॉकवर (पिचरने चार चेंडू वाईट टाकले म्हणून फुकटात) बेस मिळाला. मग पाठीच्या दुखण्याने गाठलं आणि तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. कारकिर्दीची सरासरी: शंभर टक्के.

कच्च्या आकड्यांवर भरवसा ठेवला तर हा इतिहासातला सर्वश्रेष्ठ बॅटर ठरेल. म्हणून असे गेम थोड्या संधींवर उभ्या आकड्यांना आवर घालतात, त्यांना सरासरीकडे ओढतात. पण किती ओढायचं हा गेमकर्त्याचा अंदाज असतो, आणि तुकडीची यादी वाचताना तुम्हीही तो करायचा असतो. दोनशे संधींवरचा चांगला आकडा आणि सहाशेंवरचा तितकाच चांगला आकडा हे एकच नव्हेत. एका चाचणीत पैकीच्या पैकी मिळालेल्या पोराला आपण बोर्डात पहिला म्हणत नाही, तसंच.

काळाचंही तेच. १९१३ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणाऱ्या फ्रँक बेकरची संख्या होती १२. त्याचं टोपणनावच ‘होमरन’ बेकर. आज इतके होमरन कुणीही सोम्यागोम्या मारतो. उलट १९६८ मध्ये पिचर इतके माजले होते की पुढच्या वर्षी त्यांच्या पायाखालचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. १९६८ मध्ये पदार्पण केलेल्या बॅटरचा किरकोळ दिसणारा आकडा प्रत्यक्षात बरा असतो. आकडा नेहमी त्या सालाच्या भावात वाचायचा. आजोबांचा पगार दीडशे रुपये होता म्हणून ते गरीब होते असं थोडंच ठरतं?

गाळलेलं पाणी

या छंदाबद्दल मला सगळ्यात विचार करायला लावलं ते या गोष्टीने.

१९६६ चा ड्राफ्ट. पहिली पाळी मेट्सची. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट हा शाळकरी कॅचर घेतला. दुसरी पाळी ॲथलेटिक्सची, त्यांनी घेतला रेजी जॅक्सन: पुढे ५६३ होमरन, हॉल ऑफ फेम. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९९१ मध्ये यांकीजनी ब्रायन टेलर हा पिचर पहिल्या क्रमांकावर घेतला, १५ लाख ५० हजार डॉलर देऊन. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत त्याचा खांदा निखळला. तोही कधी वर आला नाही.

आता गेममध्ये चिलकॉट शोधा. मेजर लीगच्या नोंदींवरच चालवलेल्या लीगमध्ये तो सापडणार नाही. नोंद वर पोचलेल्यांची आहे, आणि तो पोचला नाही. म्हणजे या ड्राफ्टच्या यादीतला सगळ्यात वाईट खेळाडूसुद्धा खऱ्या आयुष्यात एकदा तरी मेजर लीगच्या मैदानात उभा राहिलेला असतो. खऱ्या ड्राफ्टचा गाळ आधीच खाली बसवून तुम्हाला वरचं निवळ पाणी दिलेलं असतं.

त्यामुळे ‘मी दर वर्षी दोन-तीन हिरे शोधून काढतो, खऱ्या स्काऊटांना (होतकरू हेरणाऱ्यांना) का जमत नाही?’ असं म्हणणाऱ्याकडे मी जरा हसूनच बघतो. खरा स्काऊट धुळीच्या शाळकरी मैदानावर उभा असतो. पुढे कुणाचा खांदा जाणार, कोण मारामारीत पडणार, हे त्याच्या यादीतून कुणी आधी वजा केलेलं नसतं. ज्यांना हा गाळही हवा असतो ते खालच्या लीगांचे खेळाडू आणून किंवा काल्पनिक पोरं मिसळून लीग चालवतात. तिथे भल्याभल्यांची ऐट उतरते.

मोकळ्या लीगमध्ये कुणाला उचलायचं?

इथे समोर दोन आकडे असतात: आज किती, आणि पुढे किती. मोजपट्टी २० ते ८० ची, खऱ्या स्काऊटांचीच. तिचं श्रेय सहसा जुन्या काळातले संघचालक ब्रँच रिकी यांना दिलं जातं. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण. ६० म्हणजे साधारण सहांत एक. ७० म्हणजे शंभरात दोन-तीन. ८० तर वर्षानुवर्षं दिसत नाही. चाळिशीपासून सत्तरीचं अंतर म्हणूनच प्रचंड असतं.

पहिली समज: ‘पुढे किती’ हा तुमच्या स्काऊटचा अंदाज आहे, वस्तुस्थिती नव्हे. स्थळ सुचवणारा मध्यस्थ म्हणतो, मुलगा पुढे फार वर जाणार. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण तेवढ्यावर कुणी हॉल बुक करत नाही. गेममध्ये तुमचा स्वतःचा स्काऊट असतो आणि सगळ्या संघांना मिळणारा एक तिऱ्हाईत अहवालही असतो. दोघांचं जमत नसेल तर थांबा आणि पुन्हा बघा.

दुसरी: वय. १८ व्या वर्षी ‘आज ३०, पुढे ७०’ असलेला पोरगा आणि २१ व्या वर्षी ‘आज ४५, पुढे ६०’ असलेला पोरगा यांत माझा हात आता दुसऱ्याकडे जातो. पहिल्याला चढायच्या पायऱ्या जास्त, आणि प्रत्येक पायरीवर घसरायची सोय. हे फक्त गेमचं नाही. १९८० च्या दशकात बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी खऱ्या ड्राफ्टचा हिशेब मांडून दाखवलं होतं की कॉलेजमधून घेतलेले खेळाडू शाळेतून घेतलेल्यांपेक्षा संघांना जास्त परतावा देत होते. तेव्हा संघ शाळकरी पोरांच्याच मागे होते.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: मधली जागा खेळणारा घ्या. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा असणारा, मैदानातली सगळ्यात अवघड जागा सांभाळणारा. शॉर्टस्टॉपला नंतर तिसऱ्या बेसवर, दुसऱ्या बेसवर, आऊटफिल्डमध्ये हलवता येतं. पहिल्या बेसवरच्या जाड्याला शॉर्टस्टॉपला आणता येत नाही. स्वयंपाक येणाऱ्याला वाढायला सांगता येतं, उलट जमत नाही. १९७१ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये २९ व्या आणि ३० व्या क्रमांकावर लागोपाठ जॉर्ज ब्रेट आणि माइक श्मिट गेले. दोघेही तेव्हा शॉर्टस्टॉप होते, दोघेही तिसऱ्या बेसवर खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेले. रॉबिन याउंट १९८२ मध्ये शॉर्टस्टॉप म्हणून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९८९ मध्ये सेंटर फिल्डर (मधला आऊटफिल्डर) म्हणून पुन्हा.

पिचरांबद्दल थोडक्यात: मोह आवरा. खांदा आणि कोपर हे काचेचे अवयव आहेत, गेममध्येही. घ्यायचाच असेल तर किमान तीन प्रकारचे चेंडू टाकता येणारा आणि दम असणारा घ्या. दोनच चेंडूंवाला शेवटच्या एखाद-दुसऱ्या डावापुरता उरतो.

आणि घेतल्यावर घाई नको. १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सनी डेव्हिड क्लाइड हा शाळकरी पिचर पहिल्या क्रमांकावर घेतला, आणि २७ जूनला, म्हणजे शाळा संपून काहीच आठवडे झाले असताना, मेजर लीगमध्ये उभा केला. स्टेडियम भरलं, मालक खूश झाले. पोरगा जिंकलासुद्धा. कारकीर्द संपली १८ विजय, ३३ पराभवांवर. वरच्या लीगमध्ये मार खाणारा होतकरू पिकत नाही, सुकतो. माझ्या लीगमध्ये मी किती क्लाइड केले ते विचारू नका.

‘मग शेवटी हे सगळं दैवच की!’

बरंचसं. गेममध्ये त्यासाठी एक खुंटीच आहे: पोरांची कुवत अचानक किती वरखाली व्हावी याचा आकडा. मुळात तो १०० वर असतो. वाढवलात तर कालचा हिरा आज कोळसा आणि उलटही. कमी केलात तर सगळं कसं ठरल्यासारखं. मी त्याला हात लावत नाही.

पण दैव आहे म्हणून डोकं नको, हे पटण्यासारखं नाही. आंब्याची अढी आठवा. गवतात कैऱ्या रचताना कुठली पिकेल आणि कुठली आतून नासेल हे बागायतदारही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही तो कोवळी, मार लागलेली, डेखाशी काळी पडलेली कैरी बाजूला काढतोच. आणि एक-दोन नाही, शंभर लावतो. दर दोन दिवसांनी हात घालून चाचपतो, नासकी उचलून टाकतो.

ड्राफ्टही एका नावाचा खेळ नाही. आजच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये ३० संघ वीस फेऱ्या निवडतात. पियाझाच्या वेळी तर फेऱ्यांना मर्यादाच नव्हती, म्हणून ६२ वी फेरी आली. दर वर्षी थोड्या बऱ्या संधी घेत राहायच्या आणि नासकं लवकर ओळखायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण पहिल्या फेरीत घेतलेल्या पोरावर जीव जडतो. ऐतिहासिक लीगमध्ये दुप्पट जडतो, कारण त्याचं नाव आपल्याला आधीपासून ठाऊक असतं.

१९६५ च्या आधी ड्राफ्ट नव्हता, मग १९२० ची लीग खोटी नाही का?

त्या अर्थाने खोटीच. गेममध्ये ड्राफ्ट बंद ठेवून पोरं ज्याच्या त्याच्या खऱ्या संघात जाऊ देता येतात. पण मग जे संघ खऱ्या इतिहासात वर्षानुवर्षं रडत होते ते गेममध्येही रडत राहतात, म्हणून बहुतेक जण हा खोटेपणा मान्य करतात.

मोठा खोटेपणा उलट ड्राफ्ट नसलेल्या, ‘खऱ्या’ इतिहासात आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन उतरेपर्यंत आधुनिक मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. काळ्यांच्या वेगळ्या, निग्रो लीगांमधला नावाजलेला बॅटर जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत वारला. त्याला ती कधीच मिळाली नाही. तिथल्याच सॅचेल पेज या पिचरला मिळाली १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. निग्रो लीगांना मेजर लीगचा दर्जा दिला गेला तो डिसेंबर २०२० मध्ये, आणि २०२४ मध्ये आकडे एकत्र केल्यावर कारकिर्दीच्या सरासरीत पहिलं नाव आलं ते गिब्सनचं, .३७२.

गेममध्ये तुम्ही तो दरवाजा आधीच उघडू शकता. १९३० च्या तुकडीत गिब्सन यादीत दिसतो, वय अठरा. तळाच्या संघाची पाळी असते आणि तो उचलला जातो, इतर कुणासारखाच. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुढचे दोन-तीन हंगाम भराभर न खेळता सामना सामना करून बघितले.

नाव झाकून

मोकळ्या लीगमध्ये नावाचं भूत उतरवायला काही जण सगळ्या काळांतले खेळाडू पिसून वाटेल त्या वर्षी पदार्पण करायला लावतात. १९७५ मध्ये रूथ आणि ग्रिफी एकाच तुकडीत. मी साधा उपाय करतो. यादीतलं नावाचं कॉलम झाकून आधी वय, जागा आणि आकडे वाचतो, आणि मग नाव बघतो. तरी दर वेळी जमतंच असं नाही.

सध्याच्या माझ्या लीगमध्ये १९९५ साल चालू आहे. पियाझा माझ्याकडे तीन वर्षं आहे. १९९२ ला घेतला तेव्हा स्काऊट म्हणाला होता ७०. गुडघ्याची एक दुखापत झाली, मग दुसरी झाली, आता म्हणतो ५०. ट्रिपल-ए मध्ये सरासरी .२३८. परवा एका संघाने त्याच्या बदल्यात एक शॉर्टस्टॉप देऊ केला. २२ वर्षांचा, आज ४५, पुढे ६०, मेहनती. त्याचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, नोंदींत शोधावं लागलं. खऱ्या आयुष्यात बिचारा एका हंगामापुरता येऊन गेला होता. प्रस्ताव तीन दिवसांपासून स्क्रीनवर तसाच आहे.